सासऱ्यांचे दोन डावे डोळे

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, कोडिंगचा विभाग आहे. विभाग म्हणजे चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि एकच खिडकी. त्या खिडकीशी एक बाई बसते. तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणतात आणि पाठीमागे नियमावली. पाठीमागचं नाव तिला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मॅडमपेक्षा तेच तिला जास्त आवडतं.

नियमावलीचं काम ऐकायला सोपं आहे. डॉक्टर लोक माणूस उघडतात, दुरुस्त करतात, बंद करतात आणि मग कागदावर असं काही खरडतात की वाटावं, शाईत पडलेली मुंगी जीव वाचवायला पळाली. तो कागद नियमावलीपुढे येतो. ती त्याचे आकडे करते. आजाराचा एक कोड, ऑपरेशनचा एक कोड. विमा कंपनी माणूस वाचत नाही, कोड वाचते. आजाराची आणि ऑपरेशनची सोयरीक जुळली तर पैसे मिळतात. दुखतोय गुडघा आणि कापलाय कान, असं दिसलं की स्थळ परत!

त्यातही खाचाखोचा आहेतच. एकाच वेळी दोन ऑपरेशनं केली तर कंपनी पहिल्याचे पूर्ण देते, दुसऱ्याचे अर्धे. कारण माणूस एकदाच झोपवला, एकदाच उघडला. आणि शेवटी घातलेले टाके? त्यांचे वेगळे काही नाही. टाके ऑपरेशनातच धरलेले असतात. पोट उघडलंत तर शिवणार नाही का, सांगता कुणाला!

हे सगळं ऑफिसात राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण नियमावली घरीही नियमावलीच. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. एकदा सुट्टीच्या दिवशी त्याने स्वतःहून चहा केला आणि वर समोर उभा राहून म्हणाला, "भांडीसुद्धा विसळली हं मी."

"भांडी चहातच धरलेली असतात," ती पेपरातून मान वर न करता म्हणाली. "वेगळं कौतुक मिळणार नाही."

लेकीने सांगावं, आई, अभ्यास झाला. की हिचा हात पुढे. "वही? लिहिलं नाही, तर झालं नाही." कोडिंगवाल्यांचा हा मूलमंत्र आहे. डॉक्टरने मेंदू बदलला असेल, पण कागदावर लिहिलं नसेल तर बदलला नाही.

आणि ऑफिसात तर नियमावलीचा एक सोहळाच असायचा. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चुकांची बैठक. महिन्याभरात कंपन्यांनी परत पाठवलेल्या फायली ती मोठ्याने वाचायची. नाव घ्यायची नाही, पण ज्याची चूक त्याच्यासारखा आवाज काढायची, त्यामुळे नाव घेण्याची गरजच उरायची नाही. समोरच्या टेबलावरचा पोरगेला कोडर, ज्याला त्याच्या वेगामुळे सगळे फटाफट म्हणत, त्याने एकदा एका आजोबांना बाळंतपणाचा कोड लावला होता. नियमावलीने त्या आजोबांना तीन बैठका पुरवून पुरवून बाळंत केलं. आणि प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न, चष्मा नाकाच्या टोकावर आणून: "तर मंडळी, कोडरने काय करायला हवं होतं?" सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "कागद वाचायला हवा होता!" शाळाच म्हणा ना.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग सासऱ्यांचा डोळा मध्ये आला.

सासरे म्हणजे जन्मभर लोकांचे केस कापलेला माणूस. बाजाराच्या कोपऱ्यावरचं सलून त्यांचंच होतं. हात थकले असं वाटलं तेव्हा त्यांनी ते आपल्याच हाताखाली तयार झालेल्या शिष्याला दिलं आणि घरी बसले. घरी बसल्यावर कळलं की हात थकलेच नव्हते. गेल्या वर्षी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवलं, तो डोळा लख्ख झाला, तर दुसऱ्याने माघार घेतली. एकाच डोळ्याने बघायचं म्हणजे अंतराचा अंदाज येत नाही. चहा कपाच्या शेजारी पडायचा. नातीच्या कपाळावरचे केस कापायला घेतले, तर ती पोरगी पुढे महिनाभर डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेली.

त्यात शिष्याचा निरोप आला. त्याचा एक कारागीर गाव सोडून चालला होता. "मास्तर, सकाळच्या वेळेला खुर्ची रिकामी राहणार. जुनी गिऱ्हाइकं अजून तुम्हालाच विचारतात. पण दोन्ही डोळे घेऊन या. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग मला दुसरा माणूस बघावाच लागेल."

त्या दिवसापासून सासऱ्यांनी जुन्या कात्र्या काढून तेलपाणी सुरू केलं. जेवतानाही कात्री ताटाशेजारी असायची.

नियमावलीने लगेच आगाऊ मंजुरीसाठी कागद पाठवले. पूर्वी ऑपरेशन झाल्यावर कागद जायचे. यंदापासून कंपनीने नियम केला होता, आधी विचारा, मग कापा. डावा डोळा, मोतीबिंदू, भिंग बसवणे. दोन ओळींचं काम. "बाबा, चार दिवसांत येईल मंजुरी," ती म्हणाली. "माझ्या हातची फाईल आहे."

चार दिवसांत आलेलं उत्तर नियमावलीने दोनदा वाचलं आणि ती हसली.

"ऐका, ऐका," ती सगळ्या टेबलांना म्हणाली. आणि कंपनीचा आवाज काढला, नाकातून, थंडगार: "'सदर रुग्णाच्या डाव्या डोळ्यात भिंग यापूर्वीच बसवण्यात आलेले आहे. त्याच डोळ्याचा मोतीबिंदू पुन्हा काढणे देय नाही.' घ्या! एका डोळ्यात दोन भिंगं घालायला तो काय दुर्बीण आहे?"

फटाफट खो खो हसला. "मॅडम, या बैठकीला कंपनीच बाळंत!"

तिने तिथूनच कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना मजा यावी म्हणून. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी आली, जिच्या जिभेवर मध होता आणि बाकी सगळीकडे बर्फ.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मी आपली काय मदत करू शकते?"

"मदत नको, डोळे उघडा," नियमावली म्हणाली. "पेशंटचा उजवा डोळा झालाय. डावा व्हायचाय."

"मी आपली अडचण समजू शकते. आमच्या नोंदीत डावा झालेला आहे."

"नोंद चुकलीय."

"मी आपली अडचण समजू शकते."

"अगं, समजू शकतेस तर समज ना!"

मुलीने फोन वर ढकलला. आता आले कंपनीचे परीक्षक डॉक्टर. आवाज असा की माणूस बोलतोय की कपाट सरकवतायत ते कळू नये. "हं. बोला. हं. हे बघा बाई, आम्ही काही पेशंटच्या घरी जात नाही. तुमच्याकडून जो कोड आला तो आम्ही मानला. गेल्या वर्षी तुमच्याच हॉस्पिटलने डावा पाठवला, आम्ही डाव्याचे दिले. आजार डावा, ऑपरेशन डावं, सगळं जुळत होतं. हं."

"आमच्याकडून चूक शक्यच नाही."

"हं. बघून घ्या."

स्पीकर बंद झाला. विभाग कान टवकारून बसला होता. नियमावलीने जुनी फाईल काढली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी, आणि तेही चक्क वाचता येईल अशा अक्षरात, लिहिलं होतं: उजवा. पुढच्या पानावर कोड होते. डावा. आणि कोड लावणाऱ्याच्या चौकटीत सही होती. वळणदार, ठसठशीत, खाली दोन ठिपके देणारी. असली सही त्या इमारतीत एकाच बाईची आहे.

फाईल तिने मिटली. मग पुन्हा उघडली, जणू मधल्या वेळात सही पळून गेली असती. नाही गेली.

कसं झालं हे तिला तेव्हाच कळलं, आणि तेच जास्त झोंबलं. खरं तर आपल्या माणसाची फाईल आपण करायची नाही, असा नियम आहे. तो तिनेच भिंतीवर लावलाय. पण सासऱ्यांची फाईल फटाफटच्या हाती द्यायची म्हणजे म्हाताऱ्याला जुळी व्हायची, म्हणून तिने स्वतःच केली. आणि ते दिवस कसले होते! रोज सकाळी टेबलाच्या एका बाजूला ती, समोर सासरे. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. ती वाटी काढायची, औषधाचे थेंब घालायची, वाटी लावायची. फाईल करताना तिने कागद वाचलाच नाही. वाचायचा कशाला? तो डोळा तिला पाठ होता. समोर बसलेल्या सासऱ्यांचा तो डोळा, हा इकडचा, तिच्या डाव्या हाताचा. डावा.

समोरच्याचा उजवा आपल्या डावीकडे येतो, हे तिसरीतल्या पोरालाही कवायतीत कळतं. पण माणूस वर्षानुवर्षं कागदावरच पेशंट बघत आला, की समोर खरा पेशंट बसला तर असंच होणार.

फटाफट टेबलापाशी आला. ती सही त्यानेही पाहिली होती. त्याने हसू गिळलं. ते गिळताना त्याचे कान हलले, पण गिळलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "एवढं काय त्यात? त्यांच्या दप्तरी डावा झालाय, उजवा मोकळाच आहे. आता ऑपरेशन डाव्याचं करायचं, कागदावर उजवा लिहायचा. दोन डोळे, दोन ऑपरेशनं, दोन्हीचे पैसे. फिट्टंफाट! कुणाचं एक पैशाचं नुकसान नाही. आणि शुक्रवारी..." तो थांबला. "शुक्रवारी वाचायला काही राहत नाही."

खोटं कशाला बोलू, नियमावलीचं मन डळमळलं. बैठक परवावर आली होती. फटाफटचं म्हणणं सरळ होतं आणि वाईट म्हणजे बरोबर होतं. चूक अधिक चूक म्हणजे शून्य. तिने कागद पुढे ओढला. उजवा लिहायला अक्षरं किती लागतात?

मग तिला ऑपरेशन थिएटरबाहेरची नर्स आठवली. ती दणकट बाई, जी पेशंट आत न्यायच्या आधी मंजुरीचा कागद बघते आणि त्यात जो डोळा असेल त्याच्यावर जाड पेनाने बाण काढते. रुग्ण काही म्हणो, नातेवाईक काही म्हणोत. "कागदात काय आहे?" असं ती विचारते, आणि बाण काढते. कागदावर उजवा असेल तर बाण उजव्यावर. सासऱ्यांच्या एकुलत्या एक चांगल्या डोळ्यावर.

"नाही," ती म्हणाली. "जा बाबा तू तुझ्या जागेवर."

खरा रस्ता लांबचा होता. जुनी फाईल उघडायची, चूक कुणाची ते लेखी द्यायचं, डॉक्टरांची सही आणायची, आणि वर कंपनीचा माणूस प्रत्यक्ष डोळा तपासणार. हे सगळं महिनाअखेरच्या आत झालं तर झालं.

घरी गेल्यावर आधी नवऱ्याला सांगावं असं तिने ठरवलं आणि आधी सासऱ्यांनाच सांगून टाकलं. ते कात्रीच्या पात्यात कागदाचा कपटा धरून धार बघत होते.

"बाबा, मंजुरी नाकारली. कंपनीच्या मते तुमचा डावा डोळा झालाय."

"मग उजवा?"

"तो व्हायचाय."

सासऱ्यांनी एकेका डोळ्यावर हात ठेवून बघितलं. "कंपनीला माझ्याहून जास्त दिसतंय म्हणायचं."

"कंपनीने नाही केलं. मी केलंय." आणि तिने सगळं सांगितलं, टेबल, वाटी, थेंब. शेवटी म्हणाली, "तुम्ही समोर बसला होतात ना."

नवऱ्याने दारातून ऐकलं होतं. त्याने असा सुस्कारा सोडला जसा संपूर्ण वैवाहिक आयुष्यात सोडला नव्हता. "लिहिलं होतं," तो स्वप्नात असल्यासारखा म्हणाला, "तरी झालं नाही!"

"तू गप्प बस रे," सासरे म्हणाले, पण त्यांचे खांदे हलायला लागले होते. मग आवाज फुटला. हसता हसता कात्री खाली ठेवावी लागली. "सूनबाई, आमच्या धंद्यात ही चूक पहिल्या आठवड्यातच होते. गिऱ्हाईक आरशात बघून सांगतं, डावीकडे जास्त घ्या. नवा पोऱ्या आरशात बघतो आणि उजवीकडचा कल्ला उडवतो. मी पण उडवलाय. एका नवरदेवाचा! म्हणून तर आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहतो. त्याचा डावा तो आपला डावा."

"माझे पेशंट कागदावर असतात, बाबा. कागदाच्या मागे कसं उभं राहू?"

"ते तू बघ." मग त्यांनी कात्री उचलून पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. "खुर्ची राहील का गं?"

यावर तिच्याजवळ नियम नव्हता. "प्रयत्न करते," ती म्हणाली.

शुक्रवारी बैठक भरली. फटाफटने कधी नव्हे ते सर्वांसाठी बिस्किटं आणली होती. नाटकाला जाताना आणतात तशी. नियमावली उभी राहिली. पहिली फाईल कुणाची तरी किरकोळ, दुसरी किरकोळ, आणि मग तिने तिसरी उघडली. "एका कोडरने," ती म्हणाली, आणि सवयीने आवाज काढायला गेली. पण काढायचा कुणाचा? तो आवाज आधीच तिच्या गळ्यात होता. तर तिने सरळ, सपाट वाचून टाकलं: आपल्याच सासऱ्यांची फाईल, कागद न वाचता, समोरचा माणूस बघून, उजव्याचा डावा.

पंखा कुरकुरला. कुणी हसेना, कुणी बिस्कीट चावेना. ही शांतता तिला हसण्यापेक्षाही जड गेली असावी. कारण तिने आपणच चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि फटाफटकडे बघितलं. "विचार की. तोंडात बिस्कीट आहे का?"

फटाफट उभा राहिला. त्याने कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि हुबेहूब, अगदी हुबेहूब तिच्या आवाजात विचारलं, "तर मंडळी, कोडरने काय करायला हवं होतं?"

"फाईल फटाफटला द्यायला हवी होती!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, आणि मग जो हशा पिकला त्यात एक्स-रेवाला डोकावून गेला, काय फुटलं म्हणून. नियमावलीही हसली. थोडी उशिरा, पण हसली. आणि बैठक संपल्यावर तिने सासऱ्यांची सगळी फाईल खरंच उचलून फटाफटच्या टेबलावर ठेवली. "घे. कागद वाच. आणि बाळंत करू नकोस."

फटाफटने ती फाईल तीनदा वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं नाव त्याला शोभेनासं झालं. दुरुस्तीचा अर्ज त्याने लिहिला, डोळ्यांच्या डॉक्टरांना कँटीनमध्ये गाठून सही घेतली, आणि कपाट-आवाजाच्या परीक्षकांना इतक्यांदा फोन केला की शेवटी ते आपणहून विचारायला लागले, "हं. डोळा का?"

कंपनीने तपासणीला बोलावलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता, इस्त्रीचा, हातात बारीक टॉर्च. तो सासऱ्यांच्या समोर स्टुलावर बसला.

"आजोबा, कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय?"

"तुमच्याकडून मोजू की माझ्याकडून?" सासऱ्यांनी अदबीने विचारलं.

"तुमच्याकडून, तुमच्याकडून."

"मग उजव्या. पण ते मी नुसतं म्हणतोय. माझ्या म्हणण्याला तुमच्याकडे कोड नाही."

डॉक्टरने टॉर्च मारला, भिंग बघितलं आणि कॉम्प्युटरकडे वळून टाइप केलं. नियमावली त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. त्याने वळून पाहिलं, तिने पडद्याकडे बोट केलं. "चालू द्या," ती म्हणाली. 'उजवा' हा शब्द पूर्ण उमटेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मंजुरी आली ती महिन्याच्या शेवटच्या दुपारी. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. नियमावली ऑफिस सुटल्यावर घरी न जाता सलूनमध्ये गेली. तिथे शिष्य एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता.

"मंजुरी आलीय," ती धापा टाकत म्हणाली. "पण डोळा व्हायला, बरा व्हायला अजून वेळ लागेल. तुम्ही महिनाअखेर म्हणाला होतात. चूक माझी आहे, त्यांची नाही. हवं तर लेखी देते."

शिष्याने ब्रश हवेत थांबवला. "वहिनी, मास्तरांनी मला कात्री धरायला शिकवलं तेव्हा माझ्या हातून त्यांचाच कान कापला होता. त्यांनी मला लेखी मागितलं नव्हतं." मग हिशेबी माणसासारखा म्हणाला, "तीन आठवडे. त्यापुढे मात्र मला खरंच परवडणार नाही."

थिएटरबाहेर दणकट नर्सने कागद वाचला आणि डाव्या डोळ्यावर बाण काढला. नियमावलीने तो बाण सासऱ्यांच्या समोरून बघितला, मग मागे जाऊन बघितला. नर्स म्हणाली, "बाई, तुम्ही आता आत येऊन ऑपरेशनही करणार का?"

शिष्याने दिलेले तीन आठवडे संपायच्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून सलूनमध्ये गेले. सून बरोबर होती. ऑफिसच्या वाटेवरच आहे, असं तिने सांगितलं. ऑफिस नेमकं उलट्या बाजूला आहे. खुर्ची रिकामी होती. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि दोघंही वर्तमानपत्रात एकाएकी इतकी गढून गेली होती की त्यांना उठायला सुचेना.

शेवटी शिष्याने आपलाच एप्रन काढला आणि खुर्चीत बसला. "मास्तर, आधी माझे. नुकसान झालंच तर मालकाचं होऊ दे."

सासरे त्याच्या मागे उभे राहिले. कात्री हवेत एकदा नुसतीच वाजवली, गवई गळा साफ करतो तशी. मग पहिली बट कापली. मग दुसरी. हात असा चालायला लागला की बाकावरची वर्तमानपत्रं हळूहळू खाली आली. पहिल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याला कोपर मारलं. "माझा नंबर आधी आहे हं."

सून भिंतीशी उभी होती.

"सूनबाई," सासरे मान न वळवता म्हणाले, "तू तिथे श्वास धरून उभी आहेस. त्याने माझा हात अवघडतो. कामाला जा."

"मी काही बोलले का?"

"नाही. पण तू मोजतेयस, दोन्ही कान आहेत का ते. आहेत. जा."

ती गेली. म्हणजे दाराबाहेर गेली. रस्त्यावरून काचेला नाक लावून ती आणखी बराच वेळ उभी होती, आणि त्या दिवशी नियमावली नोकरीत पहिल्यांदाच उशिरा पोचली.